नरमच टाका, दाजी

भीमा,

परवा मेहबूब मिस्त्रीने गाडीची पुढची दोन्ही चाके उतरवली, झिजलेले ब्रेक पॅड माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारले, नवे नरम टाकायचे की कडक. या प्रश्नावर आपण वर्षभर भांडलो. आता भांडायला तू नाहीस, तेव्हा निर्णय सोपा व्हायला हवा होता. तो झाला नाही. मी उत्तर देण्याआधीच मिस्त्री हात पुसता पुसता एक वाक्य बोलून गेला, आणि तुझ्या मरणाने जे नेले नव्हते ते त्या वाक्याने नेले.

ते वाक्य पुढे येईल. तुझ्या तेराव्याला मंठाळच्या तुझ्या अंगणात माणसे मावत नव्हती. पुष्कळ जण बोलले. तू दिलदार होतास, कोणाच्याही अडल्या वेळी गाडी काढायचास, असे म्हणाले. सगळे खरे आहे. “दाजींनी दोन शब्द सांगावेत” असे तुझ्या भावकीतले कोणी म्हणाले, तेव्हा मी हात जोडून बसून राहिलो. लोकांना वाटले, बहिणीच्या नवऱ्याचाही कंठ दाटला. तसे नव्हते. जाहीर बोलण्याचा मला कंटाळा आहे, इतकेच. त्या दिवशी बोललो असतो तर चांगले बोललो असतो. आज तसे बोलता येणार नाही, म्हणून लिहितो. कोणाला वाचायचे असेल त्याने वाचावे.

मी बसवकल्याणच्या कोर्टात भाषांतरकार होतो हे तुला सांगायला नको, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. आपल्याकडे माणूस घरात एक भाषा बोलतो, कचेरीत दुसरी, आणि त्याच्या आजोबांचे कागद तिसऱ्याच भाषेत असतात. या तिन्हींचा मेळ घालणे हे माझे काम होते. त्या कामाने एक सवय लागली. माणूस काय बोलतो हे ऐकण्याआधी, तो कोणत्या भाषेत बोलतो ते ऐकायचे. तुझ्याइतका सोपा साक्षीदार मला कोर्टात कधी भेटला नाही. तुझे खोटे कानडीतून यायचे.

माझ्या लग्नात तू शाळकरी पोर होतास. वधूचा भाऊ म्हणून माझा कान पिळण्याचा मान तुझा होता, आणि तू तो इतका पिळलास की अक्षता पडेपर्यंत कान तापलेला होता. तेव्हापासून तुला ओळखतो. तुमच्या घरात मराठी आणि शाळा कानडी. आईला सांगायचे ते खरे मराठीत, मास्तरांना द्यायच्या सबबी कानडीत. तुझ्या जिभेला ती शिस्त कायमची लागली. पुढे बाजारात तू दखनी फर्डी बोलू लागलास, पण अडचणीत सापडलास की कानडीत शिरायचास. गाडीच्या दाराला पोचा आला होता, तेव्हा मी विचारले, काय झाले. तू म्हणालास, “एनू इल्ल, दाजी.” काही नाही, दाजी. मी गाडीला वळसा घातला आणि डाव्या दाराचा पोचा शोधून काढला. तुझी अक्का, म्हणजे माझी बायको, पदराआड हसत होती. यात कानडीचा दोष नाही. त्या भाषेने मला जन्मभर अन्न घातले. दोष असलाच तर तुझ्या मास्तरांच्या छडीचा.

तुझी मराठी मात्र मी डोळे मिटून मानत आलो. हे मी शब्दशः लिहितो आहे. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा सोलापूरहून तू मला गाडीने आणलेस. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने फारसे दिसत नव्हते. मी चिडलेला होतो. उमरग्याच्या पुढे तू आपणहून रस्ता बोलून दाखवायला लागलास. “आता हरभरा लागला, दाजी. घाटे भरलेत. आता म्हशी आडव्या आल्यात, थांबायलोय. एक म्हातारं टोपी सावरत चाललंय, तुमच्यासारखंच रागीट दिसायलंय.” घर येईपर्यंत तू थांबला नाहीस. तो रस्ता मी तुझ्या तोंडून पाहिला. त्या दिवसाबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो. पुढचे वाचताना हे लक्षात ठेव.

त्यानंतर मी गाडी चालवणे सोडले. गाडी माझ्या नावावर आणि चावी तुझ्या खिशात, अशी व्यवस्था झाली. ती तुला मानवली. तुझ्या वडिलांची हयात मेंढरांमागे चालण्यात गेली, त्यांच्या वडिलांचीही. तू मेंढरे विकून शेती धरलीस, पण एका जागी बसणे तुला जमत नव्हते. तुझ्या अक्काला दळण हवे असले तरी तू मंठाळहून येऊन गाडी काढायचास. मी त्याला तुझा रिकामटेकडेपणा म्हणत असे.

पॅडांचा वाद सुरू झाला तो स्टँडसमोरच्या दुकानात. गाडी इतकी जुनी की तिचे मूळ पॅड आता मिळत नाहीत. दुकानदाराने दोन खोके पुढे ठेवले. कडक पॅडात धातूचा चुरा असतो. ते टिकतात, तापले तरी पकड सोडत नाहीत. पण पाय रोवून दाबावे लागते. नरम पॅड हलक्या दाबानेच चाकाची चकती धरतात. पण लवकर झिजतात आणि लांब उतारावर तापून ढिले पडतात. मी कडक म्हणालो. कलबुर्गीच्या रस्त्याला उतार आहे. तू नरम म्हणालास.

“कामून नरम?” मी विचारले.

“कडक पॅड चकती खातंय, दाजी. पॅड कुठंबी मिळंल. ह्या गाडीची चकती आता कुठं मिळायलीय?”

“आणि उतारावर तापले म्हणजे?”

“गिअरात उतरवतो की मी. नुसतं ब्रेकावर गाडी उतरवणारा डायव्हर न्हाई मी.”

दुकानदार म्हणाला, दाजी-मेव्हण्याने आधी घरी ठरवून यावे. तू म्हणालास, घरी अक्का ठरवती, म्हणून तर इथं भांडायलोय. तो हसला, मीही हसलो असेन. तुझे म्हणणे खोटे नव्हते आणि माझेही नव्हते. अखेर तू मान डोलावलीस. बरं, कडक. खोका मी माझ्या हाताने तुझ्या पिशवीत ठेवला.

मी एका लग्नासाठी चिटगुप्प्याला गेलो. परतलो तेव्हा तू स्टँडवर घ्यायला आलास. कडक पॅड नवे असताना चिरकतात. ही गाडी माझ्या पुढ्यात येऊन निमूट थांबली.

“नरम टाकलेस,” मी म्हणालो.

“कडक सिगलिल्ल, दाजी.”

मिळाले नाहीत, म्हणे. जे मी स्वतः तुझ्या पिशवीत ठेवले, ते मिळाले नाहीत. आणि कानडीत. मी तुझ्याकडे नुसते पाहिले. तू मान खाली घालून कान धरलास. तुला पकडल्याचे समाधान मला घरापर्यंत पुरले. जेवताना मी ते तुझ्या अक्काला सांगितले, आणि ती म्हणाली, लबाडच हाय तो. आता कळते की ती मान ठरवून खाली गेली होती. तू मला लहान खोटे पकडू दिलेस, कारण पकडल्यावर मी थांबतो हे तुला ठाऊक होते. का खोटे बोललास, हे मी विचारणार नव्हतो. कोर्टात असे पक्षकार मी पाहिले आहेत. त्यांचे मला कळत असे.

मग कलबुर्गीला माझ्या मुलीच्या घराची वास्तुशांत आली. तू चालवत होतास, मी तुझ्या शेजारी, अक्का मागे. ती खिडकीशी बसत नसे. मागच्या सीटवर मधोमध, पुढच्या दोन सीटांच्या फटीत वाकून, हनुवटी तुझ्या खांद्यापाशी. मला वाटे, भावाशी बोलायची हौस. हुमनाबाद सोडले, कमलापूरच्या अलीकडे रस्ता उतरू लागला, आणि पुढून जळका वास आला. तू “अक्का” म्हणालास. गाडीला हिसका बसला, ती कडेला जाऊन थांबली. अक्काने पाण्याची बाटली पुढे केली. तू प्यालास.

एरवी गाडी थांबली की आधी तुझे दार उघडायचे. त्या दिवशी मीच उतरलो. चाकाला हात लावला तर चटका बसला. मी खिडकीतून तुला बोललो, बराच बोललो. तू दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकत राहिलास. तुझ्या कपाळावर घाम होता. तो मला ओशाळल्याचा वाटला.

“उतरत कामून न्हाईस?”

“टाचेत काटा मोडलाय, दाजी. बाभळीचा. टेकवलं की कळ मारती.”

हे तू मराठीत म्हणालास.

माझ्या सगळ्या तक्रारीचा गाभा हे एक वाक्य आहे, भीमा. तू आजारी पडलास ही तक्रार नाही. माणसे आजारी पडतात. लपवलेस, तेही एक वेळ समजू शकतो. पण सारे आयुष्य ज्या भाषेत तू मला फक्त खरे सांगितलेस, जिच्यावर विसंबून मी पट्टी बांधलेल्या डोळ्याने रस्ता पाहिला, त्या भाषेत तू खोटे बोललास, आणि इतके नीट बोललास की झाडाचे नावसुद्धा घालायला विसरला नाहीस.

मी विश्वास ठेवला. मुलीच्या घरी पोचल्यावर मी सुई मागवली, रुईचा चीक आणवला, आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात खाली बसून म्हणालो, आण तो पाय. तू पाय मागे घेतलास. “दाजीनं माझा पाय धरायचा? कुठल्या जन्मात फेडू मी हे?” आपल्यात मेव्हण्याने दाजीचे पाय धुवायचे असतात, उलटे कोणी ऐकलेले नाही. जमलेल्या बायका कौतुकाने बघू लागल्या. मी उठलो. तू चारचौघांत माझा मान राखलास, म्हणून मी दिवसभर मनात सुखावलेला होतो. त्या मानाच्या आडोशाला तू तुझा पाय लपवलास. माझ्या लग्नात एकदा कान पिळण्याचा मान तुला होता. दुसऱ्यांदा तो तू आपल्या मनानेच घेतलास.

पुढचे भराभर झाले. तुला सोलापूरला दाखल केले. छातीत कफ साठलाय, इतकेच मला सांगण्यात आले. मी आणि अक्का भेटायला आलो तेव्हा तुझा आवाज कागदासारखा पातळ झाला होता. तू खुणेने मला जवळ बोलावलेस. मी वाकलो.

“नरमच टाका, दाजी. तुमचा पायबी आता पहिल्यासारखा राहिला न्हाई.”

हेही मराठीत होते. मला राग आला. मरणाच्या दारात माणूस म्हाताऱ्या दाजीला टोमणा मारतो, असे वाटले. “आधी बरा हो,” मी म्हणालो, “मग भांडू.” तू हसलास; हसायला पुरेसा श्वास नव्हता. आपले शेवटचे बोलणे हेच. बायकोच्या एकुलत्या भावाशी माझे शेवटचे बोलणे ब्रेकच्या पॅडांवर व्हावे, याची मला परवापर्यंत लाज वाटत होती.

परवा मिस्त्री म्हणाला ते वाक्य हे: “भीमराव तो नरमच डलाते थे साब, पाँव में दम नै रहा था ना उनके. दाजी कू नक्को बोलो, बोले थे.” बोलल्यावर त्याला कळले की आपण काय बोललो. त्याने चाकाकडे तोंड फिरवले. मी विचारत राहिलो, आणि तो नाइलाजाने सांगत गेला. मी चिटगुप्प्याला असताना तू आधी कडकच पॅड बसवून घेतले होतेस. ठरल्याप्रमाणे. गॅरेजच्या आवारात गाडी दोनदा पुढे काढून पाहिलीस, आणि दोन्ही वेळा ती पाण्याच्या पिंपाला जाऊन टेकली. मग तू गाडी बंद केलीस आणि म्हणालास, काढा हे, नरम घाला.

मी चालत घरी आलो. तुझी अक्का ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती.

“भीमाच्या पायाचं तुला ठाऊक होतं?”

तिचा हात थांबला नाही. “व्हय.”

“कधीपासून?”

“हैदराबादला त्याच्यासंगं मीच गेले होते.”

मला ती मंठाळला देवकार्याला जाते म्हणून सांगून गेली होती. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला होता. आधी पाय जातील, मग हात, मग श्वास. उपाय नाही. तुझ्या बायकोला ठाऊक होते, अक्काला ठाऊक होते, मिस्त्रीला ठाऊक होते. तिन्ही भाषांत ठाऊक होते, आणि भाषांतरकाराला कोणी सांगितले नव्हते.

“मला कामून सांगितलं न्हाई?”

“तुम्ही चावी काढून घेतली असती.”

“घेतलीच असती.”

“मग झालं की,” ती म्हणाली. मग एक खडा वेचून टाकत म्हणाली, “चालायचं तर त्याचं संपलंच होतं. गाडी तेवढी राहिली होती.”

मी म्हणालो, हे ठाऊक असून तू त्या गाडीत बसत होतीस. त्यावर तिने सूप बाजूला ठेवले आणि मला जे सांगितले ते मी इथे जसेच्या तसे लिहितो.

“मागं मधी बसले की हातब्रेकला हात पुरतोय. खळ्यावर शिकवलं त्यानं मला. म्हणाला, मी अक्का म्हणलो की ओढायचा, विचारायचं न्हाई. उतारावर म्हणला की तो. तुम्हाला वाटलं, पाणी मागायलाय.”

अक्का. कानडीतून आपल्या मराठीत आलेला शब्द, थोरली बहीण. तो तुझ्या तोंडून मी इतक्यांदा ऐकला की ऐकणे सोडून दिले होते. त्या गाडीत त्याचा अर्थ ब्रेक असा होता. मी शेजारी बसून तो ऐकला आणि पाणी असा लावला.

मला तुझ्यावर दया यावी, अशी तिची अपेक्षा असावी. आली नाही. त्या उतारावर आपण तिघेच नव्हतो. समोरून लोकांच्या मोटारसायकली येत होत्या, त्यांवर त्यांची पोरे पुढे बसलेली होती. त्यांच्याशी तू काहीच ठरवले नव्हतेस. याला मी हिंमत म्हणणार नाही, आणि तुझ्या तेराव्याला ज्यांनी तुझे गुण गायले त्यांनी हे ऐकून काय म्हणावे ते त्यांचे त्यांनी ठरवावे. दुसरे असे की हातब्रेक माझ्या मांडीला लागून होता. मागून वाकून हात पुरवणाऱ्या बाईपेक्षा तो माझ्या हाताला कितीतरी जवळ. तुला माझ्या हाताचा भरवसा नव्हता असे नाही. माझ्या तोंडाचा नव्हता. मी ब्रेक ओढला असता, आणि मग पुन्हा कधी तुला गाडी दिली नसती. बरोबर ओळखलेस. पण इतकी वर्षे मला तू वाचता येतोस असे मी समजत होतो, आणि वाचत तू होतास मला.

मी अक्काला सांगितले की तुझ्या महिन्याच्या कार्याला मी मंठाळला येणार नाही. घरच्या जावयाचे पान पहिले मांडतात. ते मांडू नका म्हणून निरोप द्यावा. चाके उतरवून घेतली होती ती याच प्रवासासाठी, गाडी आता मलाच चालवावी लागणार होती म्हणून. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले.

काल सकाळी गॅरेजला गेलो ते गाडी उभी करून टाकायची, विकून टाकायची, या विचाराने. पण चाके लावल्याशिवाय गाडी गॅरेजातून निघत नाही. मिस्त्रीने पुन्हा विचारले. मी कडक म्हणालो. तुझ्या शब्दाला आता माझ्या लेखी किंमत नव्हती. तू मराठीतही खोटे बोलू शकतोस हे सिद्ध झाले होते, तेव्हा सोलापूरचे ते वाक्य तरी मी का मानावे? मिस्त्रीने कडक बसवले आणि म्हणाला, एकदा दाबून बघा साब. मी बऱ्याच दिवसांनी चालकाच्या सीटवर बसलो. सीट तू मागे सारलेली होतीस, ती पुढे घेतली. आवारात गाडी थोडी पुढे काढली आणि पाय दाबला.

गाडी चालत राहिली. मी कमरेतून जोर लावला. मांडी लटलटू लागली. गाडी थांबली, पण पिंपापासून हातभर अंतरावर. मिस्त्री त्या वेळी दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोके घालून उभा होता. त्याने मुद्दामच घातले असावे.

फितूर झालेल्या साक्षीदाराची सगळी साक्ष कोर्ट फेकून देत नाही. पुराव्याशी जुळेल तेवढी ठेवून घेते, बाकीची टाकते. हे मी किती निकालांत भाषांतरित केले असेल. माझा पाय पहिल्यासारखा राहिलेला नाही. तुझ्या शेवटच्या दोन वाक्यांपैकी एवढे पुराव्याने सिद्ध झाले. ते मला कोणी सांगितले नव्हते, सांगण्याची कोणाची छाती नव्हती. स्वतःच्या पायावर बेतल्यावर माणसाला दुसऱ्याच्या पायाचे दिसते. तू मला टोमणा मारत नव्हतास, तर माझ्यासाठी पॅड निवडत होतास, हेही मला मान्य करावे लागते. मान्य करतो. तेवढे ठेवून घेतो.

“नरम टाका,” मी मिस्त्रीला म्हणालो.

आज तुझ्या महिन्याचे कार्य. सकाळी गाडी काढली. अक्का सवयीने मागचे दार उघडून मधोमध बसली. मी म्हणालो, पुढे ये. ती पुढे येऊन बसली, पदर खोचला आणि उजवा हात हातब्रेकवर ठेवला.

“तो काढ तिथून.”

“राहू द्या की,” ती म्हणाली. “तुमची चावी काढून घेणारं घरात दुसरं कोण हाय?”

मंठाळचा रस्ता सपाट आहे. मी सावकाश चालवली. तुझ्या दारासमोर हलकेच पाय टेकवला आणि गाडी आवाज न करता उभी राहिली. आतल्या लोकांना कळलेच नाही कोणी आले ते. सोप्यात पाने मांडलेली होती. पहिले पान माझे होते. अक्काने निरोप दिलाच नव्हता. मी तुझ्या फोटोकडे एकदा पाहिले, पानावर बसलो आणि जेवलो. वाढलेले टाकले नाही.

परतताना दोन्ही बाजूंना तूर होती. तू असतास तर म्हणाला असतास, आता तूर लागली, दाजी. शेंगा धरायला लागल्यात. मग अक्काने समोर बघतच विचारले, “अजून राग हाय का भीमावर?”

रस्ता मोकळा होता. आडवे काही आले नव्हते. तरी माझा पाय ब्रेकवर गेला आणि गाडी जराशी थबकून पुढे निघाली.

“एनू इल्ल,” मी म्हणालो.

ती खिडकीबाहेर बघू लागली. तुझीच बहीण आहे, भीमा. तुझी कानडी तिला कळते.